अक्का, बसा

ज्याला खोटं वाटतंय त्यानं इथंच थांबावं. मला कुणाची करमणूक करायची न्हाई. १९७२ च्या चैतात, संतपूरच्या अलीकडं, भर दुपारी हे माझ्या डोळ्यांदेखत घडलंय.

औरादच्या रामकिशन शेठची डाळमिल होती, आणि हैदराबादच्या एका नवाबाकडून घेतलेली फ्रान्सची गाडी होती. काय गाडी म्हणता! एकाच दांडीचं स्टेअरिंग, गादीसारखी सीट. खड्ड्यातून गेली तरी हातातला चहा सांडायचा न्हाई. इंजिन बंद केलं की सावकाश खाली बसायची, चालू केलं की म्हशीसारखी आधी मागून उठायची. ड्रायव्हरच्या पायाजवळ एक दांडा होता, त्यानं ती पाहिजे तेवढी वर-खाली करता यायची.

माझा थोरला भाऊ बिराप्पा, आमचा अण्णा, तिचा ड्रायव्हर. लई जीव तिच्यावर. तिला अक्का म्हणायचा.

"अक्का, उठा." "अक्का, बसा."

थोरल्या बहिणीशी बोलल्यासारखं. कधी एकेरीवर आला न्हाई.

त्याच गाडीखाली आदल्या वर्षी त्यो मेला.

तेल गळायलं होतं म्हणून गाडी वर करून अण्णा खाली शिरला होता. इंजिन चालू, शेठ आत ड्रायव्हरच्या सीटवर बसलेला. शेठनं दांडा ओढला...

पोलिसांना म्हणाला, "त्यो 'बस, बस' म्हणाला. मला वाटलं, गाडी बसवा म्हणायलाय."

सगळ्यांना पटलं.

अनसावैनीला पटलं न्हाई. "अक्काला ते 'बस' कामून म्हणतील?" ती मला म्हणाली. "पुरे करा म्हणत होते ते. शेठला कळलं होतं, अप्पाराव. त्याच्या तोंडून काढून आण."

म्हणून मी त्याच गाडीवर ड्रायव्हर म्हणून लागलो. वर्षभर राबलो. पण शेठ काही तोंड उघडंना.

त्या दिवशी संतपूरला लग्न होतं. वाटेत इंजिन तापलं. गाडी लिंबाखाली लावली, चावी काढली, उतरलो. शेठ उतरायला लागला आणि त्याचा पानाचा डबा निसटून गाडीखाली गेला.

"अप्पाराव, काढ."

"मी गाडीखाली जात न्हाई शेठ. ठावं हाय तुमाला."

शिव्या देत शेठच आडवा झाला. हात घातला... मग खांदा... मग छाती...

वारा पडला. झाडावरचे होले एकदम गप झाले...

गाडीच्या आतून कुणीतरी हळूच बोललं...

"अक्का, बसा."

आत कुणी न्हवतं. चावी माझ्या मुठीत होती. आवाज अण्णाचा होता, छातीवर हात ठेवून सांगतो.

एरवी बसायला अक्काला घटकाभर वेळ लागायचा. त्या दिवशी धाडदिशी बसली.

"उठव! अप्पाराव, उठव!"

खरं सांगू? जिवाला गार वाटलं. मी त्याच्या तोंडापाशी उकिडवा बसलो.

"अण्णा काय म्हणत होता, कळलं होतं का?"

"कळलं होतं रे..."

"मग?"

"मला घाई होती... वाटलं, भिऊन तरी लवकर निघंल..."

शेठ तिसऱ्या दिवशी दवाखान्यात वारला.

वैनीला त्याचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. ती रडली न्हाई. "बरं झालं," एवढंच म्हणाली आणि भाकरी थापायला लागली.

पोलिसांना मी सांगितलं, इंजिन सुरूच होईना, म्हणून उशीर झाला. साफ खोटं. पहिल्याच चावीला सुरू झालं होतं. दांडा खालीच धरून मी नुसता बसून ऱ्हायलो, अक्काला उठू दिलं न्हाई. किती वेळ, देव जाणे.

तेवढा वेळ शेठ माझं नाव घेऊन बोलवत होता. आधी मोठ्यानं... मग बारीक...

ती हाक अजून येते. भर दुपारी, घरात एकटा असलो की, खाटेखालून.

मी ओ देत न्हाई.