सोड

पटत नसेल तर हसून सोडून द्या. पण हे घडलंय. ज्या फोनवर घडलं तो फोन मी हातात धरून पाहिलाय.

वेळ भुताखेतांची नव्हे, भर दुपारची. जागा म्हणजे विजेचं उपकेंद्र. वस्तीबाहेर तारेचं कुंपण, आत खडी, खडीवर अखंड गुरगुरणारा ट्रान्सफॉर्मर आणि एका खोलीत काका. काका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. तिथले ऑपरेटर.

काका आम्हा पोरांना सांगायचे, "वीज जन्मते लांब धरणावर, पाण्याने चाक फिरवलं की. मग उंच मनोऱ्यांवरून धावत माझ्याकडे येते. मी तिचा जोर उतरवतो आणि गल्लीगल्लीत सोडतो. ही बया काही डब्यात भरून ठेवता येत नाही. तिकडे तयार झाली की इकडे वापरायची. एकदा सुटली की सुटली!"

"थोडक्यात, ताईच्या तोंडासारखी," मामा म्हणायचा.

मग मावशी हातातलं लाटणं उगारायची.

मामा लाइनमन. मावशीचा धाकटा भाऊ. खांबावर असा सरसर चढायचा की सगळे त्याला 'खार' म्हणायचे.

आता एक शब्द लक्षात ठेवा. 'सोडा'.

एका भागाला वीज नेणाऱ्या लाइनला फीडर म्हणतात. दुरुस्ती असली की फीडर बंद करायचा. काम संपलं की लाइनमन खाली उतरून फोन करणार, "सोडा." मग ऑपरेटर स्विच टाकणार. नियमाने त्याला लेखी परवानगी लागते, तारा जमिनीला जोडाव्या लागतात. पण दाजी आणि मेहुण्यात कसला आलाय कागद!

त्या दुपारी तीन नंबरच्या फीडरवर फांदी अडकली होती. मामा वर चढला. वरूनच त्याचा फोन आला.

काकांनी उचलला. समोर चहा निवत होता. "बोल रे खारीच्या," म्हणाले, रिसीव्हर टेबलावर ठेवला आणि एक घोट घेतला.

फक्त एक घोट.

रिसीव्हर पुन्हा कानाला लावला.

"...सोड."

काकांनी स्विच टाकला.

तीन नंबरच्या घरांत दिवे लागले. आणि गेले.

काकांनी स्विच पुन्हा बंद केला होता. फोनमधून जे ऐकू आलं ते ऐकून.

चौकशीत काका म्हणाले, "स्विच बंदच होता." त्याच लाइनवरच्या गिरणीवाल्याकडे जनरेटर होता. त्याची वीज उलटी तारांत शिरली, असं ठरलं. खांबाखाली उभा असलेला मामाचा मदतनीस एवढंच सांगू शकला की तार अचानक जिवंत झाली. गिरणीला टाळं लागलं. मावशी त्या गिरणीवाल्याला भर रस्त्यात म्हणाली, "माझा भाऊ दळलास रे तू!"

काका शेजारीच उभे होते. पिशवी धरून.

त्यांना माहीत होतं. मामाने त्यांना जन्मात कधी अरेतुरे केलं नव्हतं. चेष्टेतसुद्धा नाही. त्यांना उद्देशून असतं, तर तो 'सोडा' म्हणाला असता.

*

काही दिवसांनी काका तीन नंबरचा फीडर चालू करायला उठले. हात स्विचवर...

फोन वाजला.

"सोड."

तोच आवाज.

काकांनी फोन आपटला. मनाचे खेळ म्हणाले. मनी वसे ते स्वप्नी दिसे, तसं मनी वसे ते कानी ऐकू येतं.

पुढच्या वेळी...

"दोरी सोड."

त्यापुढच्या वेळी...

"शिडी धर, दोरी सोड."

या वेळी काकांनी फोन आपटला नाही. हे शब्द त्यांनी ऐकलेच नव्हते! त्या वेळी रिसीव्हर टेबलावर होता. जे कानांवर कधी पडलंच नाही, ते मनाला आठवणार कसं?

मग एके दिवशी वाक्य पुरं झालं.

"दाजी, थांबा हं... ए, शिडी धर, दोरी सोड."

थांबा हं.

चहाच्या त्या एका घोटात मावलेलं वाक्य.

*

मावशी डबा घेऊन आली ती त्यानंतरची दुपार.

"तोंड बघा तुमचं! विजेच्या घरात राहून अंधार पडलाय नुसता. जेवून घ्या आधी."

"फीडर चालू करतो आणि बसतो."

"कुठला?"

काका उठले. हात स्विचवर गेला.

फोन वाजला.

"राहू दे," काका ओरडले. "तू उचलू नकोस!"

पण मावशीने उचलला होता.

ती ऐकत राहिली. बाहेर ट्रान्सफॉर्मर गुरगुरत होता... आणि मग तोही ऐकू येईना.

मावशीने रिसीव्हर खाली ठेवला. हळूच. झोपलेलं मूल ठेवावं तसा.

"कोण होतं?" काकांनी विचारलं.

"आपला खार."

"काय... काय म्हणाला?"

"म्हणाला, ताई, त्या गिरणीवाल्याला सोड."

काकांनी स्विचवरून हात काढला.

"आणि म्हणाला, दाजींना विचार."

मावशी डबा उघडायला लागली. झाकण निघेना. तिने वर पाहिलं.

"अहो, काय विचारू तुम्हाला?"

*

काकांनी अजून उत्तर दिलेलं नाही. हे सगळं त्यांनी मला सांगितलं, तिला नाही. मावशीनेही पुन्हा विचारलं नाही. गिरणीवाल्याला मात्र ती आता काही बोलत नाही.

तो फोन काढून टाकलाय.

पण परवा मी त्यांच्याकडे असताना लाइट गेली. थोड्या वेळाने आली. लाइट आली की माणसं कुठे बघतात? पंख्याकडे, दिव्याकडे. मीही वर बघितलं.

मावशी काकांकडे बघत होती.

आणि काकांनी, हात चहाच्या कपापाशी नेऊन, तसाच थांबवला होता...