बिनपंख्याचा डबा

धम्मरत्नला छोट्या कॉम्प्युटरचा डबा बिनपंख्याचाच हवा होता. कडोदऱ्यात त्यांच्या खोलीखाली लूम चालायचे; सुताची भुकटी वर उडायची आणि पंखा असलेलं कुठलंही यंत्र महिन्याभरात गुदमरायचं. शिवाय तारेसाठी दोन पोर्ट हवेत, एक नेट आत घ्यायला, एक पुढे द्यायला. घरचा राउटर दिवसातून दहादा मान टाकायचा. बहीण निशा घरूनच गिऱ्हाइकांचे फोन घेण्याची नोकरी करायची, आणि आज नेट तुटलं तर नोकरी गेली, असं तिच्या साहेबाने बजावलं होतं. नवा डबा यायला आठवडा लागणार, म्हणून राउटर बनवायला त्याने पलसाण्याच्या भंगारवाल्याकडून जुनाच उचलला.

घाई नडली, दुसरं काय! डब्याला बोटं चिकटत होती. तीनदा पुसला तरी खरकट्याचा वास जाईना. उघडला तर आत पिवळा, मेणचट थर. धम्मरत्नला शिसारी आली. तरी त्याने नखं लावून तो खरवडला, सगळं बसवलं, तारा जोडल्या. नेटचा दिवा काही लागेना. डब्याच्या बाजूच्या भोकातून एक बारीक तंतू तेवढा लोंबत होता.

भाऊराव, त्याचे वडील, तीस वर्षं लूमवर राबलेले. धोट्याच्या भोकातून धागा तोंडाने ओढून घ्यायची त्यांची जुनी खोड. सूत अडकलं असेल म्हणत त्यांनी डब्याला तोंड लावलं आणि सुर्रकन ओढलं.

दिवा लागला.

तो केस होता. लांब, ओला, कोमट. भाऊराव ओकारी दाबत तो बाहेर ओढू लागले; केस येतच राहिला. धम्मरत्नने कात्रीने कापला तर टोकातून पिवळं पाणी ठिबकलं.

दिवा विझला.

निशाची पाळी सुरू व्हायला दोन मिनिटं होती. डोक्याला हेडफोन लावून ती डब्याकडे बघत होती. तिला रडू फुटलं.

"बाबा, सहापर्यंत धरा ना."

भाऊरावांनी डोळे मिटले आणि ते ओलं टोक पुन्हा ओठांत घेतलं. दिवा लागला. निशाने डोळे पुसले आणि गोड आवाजात पहिला फोन घेतला.

धम्मरत्न कात्री हातात धरून उभा होता. केस आता उलटा, बाबांच्या तोंडातून डब्यात चालला होता. बाबांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं.

त्याने कात्री खाली ठेवली.