एकतीस अंश

प्रोसेसर आणायला मी स्वतः जाते. फोनवर मागवत नाही. खोकं हातात घ्यायचं, सील चारी बाजूंनी बघायचं, कोपरा दबलेला नाही ना ते बघायचं आणि मगच पिशवीत टाकायचं. त्या दिवशीही तशीच गेले होते. सकाळचे अकरा वाजले होते, ऊन तापलं होतं, आणि मनात पाल चुकचुकावी असं काही म्हणजे काही नव्हतं.

मशीन हवं होतं एका इंजिनिअर बाईंना. त्या पुलांची गणितं करतात. पूल आधी कॉम्प्युटरमध्ये उभा करायचा, त्यावरून ट्रक न्यायचे, वारा सोडायचा, पाणी चढवायचं, आणि तडा कुठे जातो ते बघायचं. दुसऱ्या एका दुकानदारानं त्यांना खेळ खेळणाऱ्या पोरांचा प्रोसेसर गळ्यात मारायचा घाट घातला होता.

"ताई, तो म्हणाला, हाच सगळ्यात वेगवान."

"असेल. पण तुम्हाला पळायचंय का ओझं वाहायचंय?"

बाई हसल्या. मग मी त्यांना सांगितलं, कोअर म्हणजे आत कामाला बसलेली माणसं समजा. खेळाला आठ चपळ माणसं पुरतात. तुमचं गणित वाटून घेता येतं, तुम्हाला सोळा लागतील. त्याच्याहून मोठेही मिळतात, पण ते शेजाऱ्याला दाखवायला.

"आणि नाही घेतले सोळा तर?"

"आत्ता किती वेळ लागतो?"

"तीन दिवस. गेल्या वर्षी उत्तर यायच्या आधी सही करावी लागली. पूल उभा आहे. पण मी त्यावरून जात नाही. लांबच्या रस्त्यानं जाते."

मी म्हटलं, सोळाच घेऊ.

हे सगळं मला शिकवलं माझ्या नवऱ्यानं. मी चौथीपर्यंत शाळा पाहिलेली. पण तीन वर्षांपूर्वी ह्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं, तेव्हा कॉम्प्युटरचं दुकान बंद करा म्हणणारे चिक्कार भेटले, उघडा म्हणणारं कुणी नाही. मी उघडलं. हे मागच्या खोलीत पडद्याआड पडून सांगायचे, मी पुढे काउंटरवर करायची. पाय सुधारला, बोलणं स्वच्छ झालं. डावा हात मात्र गेला तो गेलाच. आणि हा माणूस डावखुरा. त्याच हातानं त्यांनी हजारभर मशीनं जोडली होती. आता तो हात पोटावर ठेवलेला असायचा, फरशीसारखा गार. झोपेत कधी माझ्या अंगावर पडला तर मी दचकून उठायची, की कोण परकं माणूस शेजारी आलं.

घाऊक व्यापारी ह्यांचा जुना दोस्त. म्हणाला, "वहिनी, सोळावाला एकच उरलाय."

"एकच उरलाय म्हणून माझ्या माथी मारू नका."

"तुमच्या माथी मारून मी जगेन का?"

सील नीट होतं. कोपरे नीट होते. घेऊन आले.

दुपारी शटर अर्धं खाली ओढून जोडायला बसले. किती मशीनं जोडली तरी खोकं उघडताना मला अजून बरं वाटतं. एवढासा चौकोन, चहाबरोबरच्या बिस्किटाएवढा. पालथा केला की सोन्याचे बारीक ठिपके, शेकड्यांनी, एकही ओळ वाकडी नाही. ज्यानं केलं त्याच्या हाताला दाद द्यावी तेवढी कमी. कोपऱ्यातला त्रिकोण बोर्डावरच्या सॉकेटच्या खुणेला जुळवायचा आणि सोडून द्यायचं. दाबायचं नाही. तो आपल्याच वजनानं बसतो. मग दांडी खाली घ्यायची. करकर वाजतं. नवख्याला वाटतं मोडलं, पण मोडत नाही. वर उष्णता वाहून नेणारी पेस्ट, मटारच्या दाण्याएवढी, त्यावर कूलर म्हणजे पंखा लावलेला धातूचा ठोकळा, चार स्क्रू, तिरपे तिरपे पिळायचे.

एक अख्खा दिवस पूर्ण ताकदीनं पळवल्याशिवाय मशीन माझ्या दुकानाबाहेर जात नाही. हा ह्यांचा नियम, तो मी तोवर मोडला नव्हता. त्यासाठी एक प्रोग्राम असतो, सोळाच्या सोळा कोअरना उगाचची गणितं देऊन पार घामाघूम करतो. असला मोठा प्रोसेसर दोन मिनिटांत नव्वद अंशांवर जातो आणि पंखे असे ओरडतात की गिऱ्हाइकाशी मोठ्यानं बोलावं लागतं.

मी प्रोग्राम सुरू केला आणि पंख्यांची वाट बघत बसले.

पंखे ओरडलेच नाहीत.

स्क्रीनवर सोळाही कोअर शंभर टक्के. तपमान एकतीस. भिंतीवरच्या तापमापीत दुकानाचं तपमान चौतीस होतं. म्हणजे काम करणारा प्रोसेसर रिकाम्या हवेपेक्षा गार. मी स्क्रीनवर विश्वास ठेवत नाही, बोटांवर ठेवते. बोटांची मागची बाजू कूलरच्या धातूच्या पट्ट्यांना लावली. माठाला हात लावावा तसं गार लागलं. प्लगला लावलेलं मीटर बघितलं. तीनशे वॅट आत जात होते, अगदी बरोबर.

"अहो," मी तिथूनच म्हटलं, "तीनशे वॅट खातोय आणि गार आहे."

"सेन्सर गेला असेल."

"हात लावून बघितलंय मी."

पडद्याआडून ते म्हणाले, "असं होत नाही. आत गेलेली वीज उष्णता होऊनच बाहेर येते. तिला दुसरा रस्ता नाही."

"मग ही गेली कुठे?"

बाहेर रस्त्यावरून एक टेम्पो गेला. दुकान इतकं शांत होतं की भिंतीवरच्या घड्याळाचा काटा ऐकू येत होता. मग ह्यांचा आवाज आला, पण वेगळाच, लहान मुलानं झोपेत बोलावं तसा.

"अगं... जरा इकडे ये."

मागच्या खोलीला खिडकी नाही. दिवा लावलेला नव्हता. अंधारात पहिल्यांदा आला तो वास. नवीन मशीन पहिल्यांदा तापलं की बोर्डाचा, रंगाचा, कथलाचा असा एक वास येतो. दुकानात तो यायला हवा होता, तिथे नव्हता. इथे होता. मी वाकले तर तो ह्यांच्या तळहाताला येत होता.

"हात लाव," ते म्हणाले.

लावला. तीन वर्षं गार असलेला तो हात ऊन होता.

मी बाहेर गेले आणि प्रोग्राम बंद केला. परत आले तेव्हा हात निवत चालला होता. पाच मिनिटांत पूर्वीसारखी फरशी. पुन्हा सुरू केला, पुन्हा ऊन. मी हट्टी बाई आहे, एवढ्यावर मानणारी नव्हे. चारच कोअर चालू ठेवले, तर नुसती बोटांची टोकं गरम. आठ ठेवले, तळहात. सोळा, कोपरापर्यंत. कोपरावर जशी कुणी रेघ मारलेली, खाली गरम, वर नेहमीसारखं.

तिसऱ्या वेळी करंगळी हलली.

हे रडले, मीही रडले, खोटं कशाला सांगू. मग मी डोळे पुसून म्हटलं, "लोक कूलरला हजारो घालवतात. ह्याला नवराच मिळाला माझा."

"फुकटात," ते म्हणाले. हसताना तोंड अजून जरा वाकडं व्हायचं.

संध्याकाळपर्यंत बोटं मिटत होती, उघडत होती. तेव्हा ते म्हणाले, "लिमिट काढ."

प्रोसेसरनं किती वीज ओढायची याची मर्यादा बोर्डाच्या सेटिंगमध्ये असते. ती काढली की तो असेल नसेल तेवढा जोर लावतो. तरुणपणी ह्यांना तेच वेड होतं, कोण किती पळवतो याच्या पैजा लावायचे. मी म्हटलं नको. ते म्हणाले, "एकदाच. मूठ वळते का बघू." तीन वर्षांत त्यांनी माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मी काढली.

मीटर चारशेच्या वर गेलं. स्क्रीनवर एकतीस.

"वळली," आतून आवाज आला. "वळली मूठ... अगं, पेला उचलला मी."

मी तशीच काउंटरशी उभी. त्या चौकोनाचं काय कौतुक करू असं झालं होतं मला. मग पेला खाली पडल्याचं ऐकू आलं.

"अगं... वर येतंय."

आत गेले तर दंडापर्यंत कातडी लालबुंद. मनगटावर फोड धरलेले. गरम रेघ कोपर सोडून खांद्यावर पोचली होती, आणि माझ्या बोटांखाली सरकत होती. सरकत होती म्हणजे अक्षरशः, मुंगी चालावी तशी, छातीकडे. डाव्या बाजूनं. ह्यांचे ओठ कोरडे पडलेले, आणि तरी हा माणूस म्हणतो, "राहू दे... अजून थोडं..."

मी धावत जाऊन भिंतीतला प्लग उपटला.

त्या रात्री आमचं भांडण झालं. ते म्हणत होते, मशीन द्यायचं नाही, बाईंना दुसरा प्रोसेसर आणून दे. मी म्हणत होते, दुसरा महिनाभर मिळणार नाही आणि बाईंचं काम अडलंय. "आणि माझा हात?" ते म्हणाले. मला त्या बाईंचा लांबचा रस्ता आठवत होता. आणि दुसरंही एक होतं, ते मी बोलले नाही. मशीन घरात असलं तर हा माणूस माझ्या पाठीमागे पुन्हा लिमिट काढेल, हे मला पक्कं ठाऊक होतं.

मर्यादा खाली आणून ठेवली, सेटिंगला पासवर्ड घातला, आणि मशीन स्वतः नेऊन दिलं. बाईंना दोनच गोष्टी सांगितल्या. सेटिंगला हात लावायचा नाही. आणि हा प्रोसेसर कधी काढलात तर कुणाला विकायचा नाही, माझ्याकडे आणून द्यायचा.

"एवढा जीव?" बाई म्हणाल्या.

"आहेच तसा."

परत आले तर हे भिंतीकडे तोंड करून पडलेले. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता मी काउंटर पुसत होते. आतून हाक आली. हात ऊन झाला होता. कोपरापर्यंत, रेघ जिथल्या तिथे. मशीन शहराच्या पार दुसऱ्या टोकाला.

त्यानंतरचे सात महिने आमच्या घरात सुख होतं. दहाला हात जागा व्हायचा, सहाला झोपायचा. मध्ये बाईंनी जेवायला काम थांबवलं तर आम्हाला कळायचं. हे डाव्या हातानं दाढी करू लागले, शर्टाची बटणं लावू लागले, मग काउंटरवर माझ्या शेजारी येऊन स्क्रू पिळू लागले. बाईंचा फोन आला, तीन दिवसांचं उत्तर सात तासांत येतं, आणि पंख्याचा आवाज म्हणून नाही. "ताई, काय निवडून दिलंत तुम्ही." मी मनातल्या मनात त्या प्रोसेसरला हात जोडले.

काल दुपारी बाई दुकानात आल्या. हातात छोटी पारदर्शक डबी.

"तुम्ही सांगितलं होतं म्हणून आणलाय. ऑफिसनं नवीन मशीन दिलं. जुनं अख्खं काढून टाकलं, बोर्डासकट. हा तेवढा तुमच्यासाठी ठेवला."

"आज काढला?"

"छे. महिना होऊन गेला. ड्रॉवरमध्येच होता."

बाई पाणी पिऊन गेल्या. मी डबी काउंटरवर ठेवून तिच्याकडे बघत राहिले. महिनाभर. आणि हा महिनाभर रोज दहा वाजता ह्यांचा हात ऊन होत होता. गेले आठ दिवस तर सहानंतरही निवत नव्हता, आणि आम्ही म्हणत होतो, बाईंकडे काम वाढलं.

तो कुठे बसवलेला नव्हता. त्याला वीज नव्हती. बंद करायचं तर बटण कुठलं दाबायचं. आणि मी घातलेली मर्यादा बोर्डात होती. बोर्ड भंगारात गेला.

मी डबी उचलली. दुकानात चौतीस अंश होते, माझ्या कपाळाला घाम होता, आणि डबीच्या झाकणाला आतून दव धरलं होतं.

हे माझ्या शेजारच्या स्टुलावर बसून एक जुना पंखा दुरुस्त करत होते. डाव्या हातानं. तोंडानं काहीतरी गुणगुणत होते. मी त्यांच्या बाहीत हात घातला, कोपर चाचपला आणि तिथून वर गरम रेघेपर्यंत बोटं मोजली.

"काय गं, गुदगुल्या होतात," ते म्हणाले.

चार बोटं. सकाळी आंघोळीच्या वेळी तीन होती.