तीन नारिंगी, दोन पांढरे

"मी काही दाबलं नाही! आईशप्पथ नाही!"

शेपूट रडकुंडीला आला होता. त्याच्यासमोर मामा कमरेवर हात ठेवून उभा होता आणि टेबलावर बाहुली-थिएटरचा एकुलता एक लॅपटॉप काळाठिक्कर पडला होता. पाच वाजता खेळ! दोनशे तिकिटं खपलेली! आणि वादळाचा गडगडाट, राक्षसाचं हसू, सगळे आवाज त्या लॅपटॉपच्या पोटात!

"जेवणाच्या सुट्टीत या खोलीतून कोण बाहेर आलं? तूच ना?" मामा कडाडला. "सकाळी धडधाकट होता हा! साडेचारपर्यंत वाट बघतो, नाहीतर खेळ रद्द. आणि तू उद्याच्या गाडीने घरी!"

मामा पाय आपटत दुरुस्तीवाल्याला फोन करायला निघून गेला.

शेपूट हा खारूचा आठ वर्षांचा भाऊ. ताई जाईल तिथे हा मागे, म्हणून शेपूट. खारू बारा वर्षांची. खारुताईसारखी खिशात स्क्रू, रबरबँड, पेनड्राइव्ह असलं काहीबाही साठवायची, म्हणून खारू. आणि दाराला टेकून उभा होता तो मामाचा मुलगा भोपू. तो कुजबुजला तरी शेवटच्या रांगेत ऐकू जायचं, त्यामुळे खेळ चालू असताना त्याला थिएटरात पाऊल टाकायची बंदी होती.

खारूला मामाचा भयंकर राग आला. शेपूट खोटं बोलला की त्याचे कान लाल होतात, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आता त्याचं फक्त नाक लाल होतं.

"तू इथे आलासच कशाला?" तिने विचारलं.

"टोपी राहिली होती! काळोखात चाचपडत शोधली आणि पळालो. खोलीत भीती वाटते ना!"

"काळोख? भर दुपारी?" भोपू ओरडला, म्हणजे त्याच्या मते हळूच बोलला. "दिवा लावायचास की!"

"लागलाच नाही!"

खारूने भिंतीकडे पाहिलं. खोलीला खिडकी नव्हती, पण विजेवरचं घड्याळ होतं. त्याचे आकडे उघडझाप करत होते. घड्याळ म्हणत होतं, एक वाजला. तिच्या मनगटावर मात्र अडीच वाजले होते!

"भोपू, हे घड्याळ वीज गेली की परत बारापासून मोजायला लागतं ना? म्हणजे वीज दीड वाजता आली! त्याआधी गेली कशी?"

"लाइटवाले काका!" भोपूने कपाळावर हात मारला. "एक ते दीड त्यांचं जेवण. बावीस वर्षं झाली, मेन स्विच खाली ओढल्याशिवाय ते डबाच उघडत नाहीत! पण बाबा रोज त्याआधी लॅपटॉप बंद करतात."

"आज केला नसेल तर? आणि याची बॅटरी कुठाय?"

"फुगली होती म्हणून काढून टाकली. नवी आणायचं सहा महिने चाललंय."

तेवढ्यात शेपूट टेबलाखालून ओरडला, "ताई, हा मेलेला नाहीये! याच्या कडेचा बारका दिवा बघ! तीन नारिंगी, दोन पांढरे. मग थांबतो, मग परत तीन नारिंगी, दोन पांढरे!"

तिघं धावतच तिकीट-खिडकीवर गेली. मामी तिथल्या कॉम्प्युटरवर बसली होती. शेपूटचं रडवेलं तोंड बघून तिने काही न विचारता खुर्ची दिली. खारूने लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर दिव्यांचा तक्ता शोधला. तीन नारिंगी, दोन पांढरे: फर्मवेअर बिघडलंय!

"फर्म... काय?" शेपूटने विचारलं.

"लॅपटॉपला झोपेतून उठवणारा प्रोग्राम. तो नवा बसवत असताना वीज गेली, तर अर्धा जुना, अर्धा नवा! मग उठवणार कोण? पण आवाज आत डिस्कवर असतात. ते शाबूत असणार!"

मामी हळूच म्हणाली, "अगं, एकला पाच कमी असताना तुझा मामा म्हणत होता खरा, की लॅपटॉपने काहीतरी अपडेट विचारलं, मी आपलं हो म्हटलं आणि जेवायला आलो."

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. चोर सापडला होता!

पण लॅपटॉप अजून काळाच होता. साइटवर उपाय होता: दुसऱ्या कॉम्प्युटरवर फाइल उतरवा, रिकाम्या पेनड्राइव्हवर ठेवा, कीबोर्डवरची सांगितलेली बटणं दाबून धरा. मात्र फाइल नेमकी त्याच मॉडेलची हवी, नाहीतर आणखी वाट लागेल. आणि लॅपटॉपच्या पाठीवरचं मॉडेलचं शेवटचं अक्षर घासून गेलेलं! ई की एफ?

"अंदाजाने टाकूया एक!" भोपू म्हणाला.

"मुळीच नाही!" खारू म्हणाली. तासभर त्यांनी कपाटं उपसली, मामाचे कागद चाळले. काही मिळेना.

"राक्षसाचे बूट!" शेपूट एकदम उडालाच. "ते ज्या खोक्यात ठेवतात त्यावर लॅपटॉपचं चित्र आहे!"

खोक्यावर ठसठशीत छापलं होतं: एफ. खारूने भावाचा चक्क पापा घेतला.

सव्वाचारला खारूच्या खिशातला पेनड्राइव्ह, फाइल भरून, लॅपटॉपला लागला. खारूने दोन बटणं दाबून धरली आणि भोपूने चार्जरची पिन काढून परत खोचली. पंखा घोंगावला. पडदा काळाच! एक मिनिट... दोन मिनिटं...

"बंद करून बघू?" शेपूटचा हात पुढे आला.

"हात मागे! काळा दिसला तरी शिवायचं नाही, असंच लिहिलंय. बस हातांवर!" शेपूट खरंच स्वतःच्या हातांवर बसला.

आणि पडद्यावर एक बारीक पट्टी उमटली. दहा टक्के! तीस! पंचावन्न! सत्तर...

"ताई, किती वाजले?"

"साडेचारला दोन मिनिटं कमी."

भोपू दाराकडे धावला. "खेळाच्या आधी साडेचारला काका फ्यूज तपासतात. मेन स्विच खाली ओढून!"

खालच्या मजल्यावर, लांबच लांब बोळाच्या टोकाला, काका स्टुलावर चढल्याची किरकिर ऐकू आली. पळून पोचणं शक्यच नव्हतं. भोपूने जिन्यात येऊन छाती भरून श्वास घेतला.

"काकाऽऽऽ! स्विचला हाऽऽत लावू नकाऽऽऽ!"

भिंती हादरल्या. तिकीट-खिडकीत मामी दचकून उठली. काका स्टुलावर हात वर तसेच थिजले.

नव्वद... शंभर! लॅपटॉप आपोआप बंद झाला, पुन्हा सुरू झाला आणि पडद्यावर राक्षसाचा ओळखीचा फोटो आला!

खेळ रद्द म्हणून पाटी घेऊन निघालेला मामा दारातच उभा राहिला. खारूने त्याला सगळं सांगितलं: घड्याळ, दिवा, बॅटरी आणि त्याचं ते 'हो'.

"मामा, शेपूट आत आला तेव्हा लॅपटॉप आधीच गेला होता!"

मामाने हातातली पाटी उलटी करून खाली ठेवली. मागून काका आले. "बावीस वर्षांत मला कुणी थांबवलं नव्हतं. शाब्बास रे पोरांनो! आता स्विच ओढायच्या आधी वर येऊन विचारीन."

पाच वाजता पहिला गडगडाट शेपूटने स्वतःच्या बोटाने वाजवला. खेळ रंगला, टाळ्या कडाडल्या, पण पडदा पडेना. राक्षसाची अजस्र बाहुली रंगमंचावर पुढे आली आणि गुडघ्यांवर बसली.

"मुलांनो," राक्षस मामाच्या घोगऱ्या आवाजात म्हणाला, "आज मी नीट न वाचता एक बटण दाबलं आणि दोष एका छोट्या माणसाला दिला. त्याने आणि त्याच्या दोस्तांनीच हा खेळ वाचवला. शेपूटराव, चुकलो मी. माफ कराल?"

दोनशे माना मागे वळल्या. शेपूट खुर्चीवर चढला.

"केलं! पण उद्याच्या उद्या नवी बॅटरी आणायची!"

थिएटर हसून दणाणलं. सगळ्यात मोठ्याने भोपू हसला आणि त्याला कुणीही गप्प बस म्हटलं नाही. खारूने भावाकडे पाहिलं. त्याचे कान लालबुंद झाले होते, आणि या वेळी तो अजिबात खोटं बोलत नव्हता.