नकार कोणाचा?

"सुधा, मले एवढंच सांग... गोटमारीच्या दिवशी कंपनीचा फोन तूच घेतला होता ना? नाही येत म्हणून तूच सांगितलं ना त्यायले?"

सौसरहून बसनं आलेला मुकुंद तडक स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला होता, पायांतल्या चपला काढायचंही भान त्याला उरलं नव्हतं आणि कपाळावरची ताजी खूण रागानं लालभडक झाली होती! सुधाची भाकरी तव्यावर तशीच राहिली. जे सत्य तिनं महिनाभर काळजाच्या तळाशी दडपून ठेवलं होतं, ते असं तिच्याच नवऱ्याच्या तोंडून समोर येईल, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं...

नागपूरच्या एका खासगी कंपनीच्या माती-परीक्षण प्रयोगशाळेनं तिला नेमणुकीचं पत्र दिलं होतं. तिनं लेखी होकार कळवला, त्या भरवशावर पांढुर्ण्यातली नोकरी सोडली, तिथं दुसरी मुलगी लागलीसुद्धा, आणि मग कंपनीनं कळवलं की नेमणूक रद्द! घरात सुधानं एवढंच सांगितलं की त्यांनी जागाच कमी केल्या. मग काय, नातेवाइकांना तोंडसुख घ्यायला निमित्तच मिळालं. ज्यांनी जन्मात कधी कुठं अर्ज केला नव्हता, त्यांनीही नोकरी कशी सांभाळावी हे तिला शिकवलं. सुधानं सगळं मुकाट्यानं गिळलं. मुकुंदला मात्र बायकोवरचा अन्याय बघवेना, आणि तिला न सांगता तो नेमणुकीचे कागद घेऊन सौसरला तिच्या मैत्रिणीकडे, दामिनी वकिलीणबाईंकडे गेला होता.

"दामिनी म्हणे, तू लिहून हो म्हटलं तिथंच करार पक्का झाला," मुकुंद म्हणाला. "खासगी कंपनीले कोर्ट नोकरी द्याच म्हणून सहसा सांगत नाही, पण भरपाई मागता येते म्हणे. मी किती खूश झालो, सुधा! अन् तिनं कंपनीले फोन लावला, तं ते म्हणतात, तुमच्या घरूनच बाईमाणसानं नाही म्हटलं! तूच नाही म्हटलं असशील तं सारा हक्कच खतम झाला ना!"

'मी नाही' एवढे दोन शब्द पुरे होते! त्या दोन शब्दांत तिचा हक्क होता, तिची वर्षानुवर्षांची मेहनत होती, तिची अब्रू होती... पण त्यानंतर मुकुंद विचारणार होता, मग कोण? आणि भिंतीपलीकडं सासूबाई, जयवंताबाई, शेंगा निवडत बसल्या होत्या.

"हो," सुधा खाली मान घालून म्हणाली. "मीच सांगितलं."

गोटमारीच्या दिवशी, पांढुर्णा आणि सावरगाव नदीच्या दोन काठांवरून एकमेकांवर दगड फेकतात त्या जत्रेत, जाम नदीवर सावरगावकडून आलेल्या दगडानं मुकुंदचं कपाळ फुटलं होतं. सुधाचं माहेर सावरगाव, त्यामुळे तो दगड घरात तिच्याच नावावर जमा झाला! ती त्याला घेऊन दवाखान्यात धावली, मोबाईल घरीच राहिला. संध्याकाळी परतल्यावर तिला दिसलं की कंपनीचा फोन आला होता, कुणीतरी तो घेतलाही होता, आणि जयवंताबाई तिची नजर चुकवत होत्या. नेमणूक रद्द झाल्याचं पत्र आलं तेव्हा तिला सगळं उमगलं. पण याच सासूनं लग्नानंतर अख्ख्या कुटुंबाशी भांडून तिला एमएस्सी करू दिलं होतं, तिच्या तान्ह्या लेकीला, सायलीला, मांडीवर घेऊन रात्री जागवल्या होत्या. त्या माउलीला आरोपी कसं करायचं!

"काऊन केलं असं?" मुकुंदच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी इकडं वकिलाच्या पाया पडून राहिलो, अन् तू..."

"मुकुंदा, थांब! खोटं बोलून राहिली ती!"

जयवंताबाई दाराला धरून उभ्या होत्या. पदरातल्या शेंगा जमिनीवर विखुरल्या होत्या.

"तो फोन मी घेतला होता रे... तुह्यं डोस्कं रक्तानं माखलेलं मी नुकतंच पाह्यलं होतं, अन् तिकडून ती बाई इचारे, मॅडम कवा येतात म्हणून! माह्या तोंडून निघून गेलं, नाही येत आता ती! मले वाटलं, पुन्हा इचारतीन. आपल्याकडं एका नाहीले कोणी मानते का? जेवाले बसा म्हटलं तं माणूस दोनदा नाही म्हणतेच, मंग आपण आग्रह करतो... त्यायनं तं एका नाहीवर पान उचललं!"

म्हातारीनं सुनेचा हात धरला.

"तुले माहीत होतं?"

"पत्र आलं त्याच दिवशी समजलं होतं, आई."

"अन् तरी महिनाभर माह्या संगं एका ताटात जेवली? माह्यं पाप आपल्या डोक्यावर घेतलं!" जयवंताबाई हुंदके देत खाली बसल्या, आणि सुधानं त्यांना दोन्ही हातांनी कवटाळलं. तव्यावरच्या भाकरीचा कोळसा झाला, तो कुणाच्या ध्यानातही आला नाही.

दुसऱ्याच दिवशी तिघं सौसरला गेली. दामिनीनं शांतपणे ऐकून घेतलं.

"होकार सुधानं दिला, तर नकारही तिचाच लागतो. घरच्या माणसाचं बोलणं म्हणजे तिचा नकार नाही. एक ओळ लिहून तिला विचारायचं होतं त्यांनी. फक्त मावशींना शपथपत्र द्यावं लागेल."

"आईंचं नाव नको टाकू, दामिनी," सुधा कळवळली.

"तू चूप राह्य!" जयवंताबाई कडाडल्या. "एवढे दिवस तू माह्यासाठी बोलली नाही, आता मले बोलू दे." आणि कागद ओढून घेऊन त्यांनी सही केली.

नोटीस गेली. कंपनीनं आधी आढेवेढे घेतले, मग कोर्टाची पायरी चढण्याआधीच तडजोडीला आली: मधल्या काळाची भरपाई, आणि इच्छा असेल तर तीच जागा. दामिनीचा फोन आला तेव्हा सगळं घर ओसरीवर होतं. सुधानं सासूकडं पाहिलं.

"आई, तुम्ही म्हणसान तं मी राहते इथंच. भरपाईवर भागून जाईल."

जयवंताबाईंचे ओठ हलले. लेकाच्या कपाळाकडं, सायलीकडं त्यांची नजर फिरून आली. मग त्यांनी पदरानं डोळे कोरडे केले.

"मी नाही सांगत काही. माह्यं एकदा सांगून झालं. तुह्यं आता तूच सांग, पोरी!"

सुधानं फोन कानाला लावला.

"दामिनी, मी येते म्हणून कळव त्यांना," ती म्हणाली.