नव्वद ग्रॅम

घरोघरी जाऊन तान्ह्या बाळांची वजनं करणाऱ्या त्या नर्सबाईंचा माणसांपेक्षा काट्यावर भरवसा जास्त. आया थापा मारतात, सासवांचं तर विचारूच नका, काटा तेवढा खरं बोलतो, असं त्या येताजाता ऐकवायच्या. त्या दुपारीही चार मजले चढून, धापा टाकत त्या एका ठरलेल्या घरी पोचल्या. बाळ पाच आठवड्यांचं. दर खेपेला वजन छान वाढलेलं, म्हणून कार्डावर 'अंगावर पितो, उत्तम' असं लिहून त्या दोनदा निघूनही गेल्या होत्या. भिंतीकडे तोंड करून बसणाऱ्या आईकडे त्यांनी नीट पाहिलंच नव्हतं.

आज सासूबाई चहा टाकायला गेल्या, तशी ती हळूच बोलली.

"नर्सताई, मी त्याला पाजत नाही. एकदाही नाही पाजलं."

बाईंना आधी हसू आलं. मग तिच्या गाऊनकडे लक्ष गेलं. दूध पाझरून पाझरून, वाळून, कापड छातीवर कडक झालं होतं.

"उचलावंसंच वाटत नाही मला त्याला. रडला की दार लावते आणि भिंतीकडे बघत बसते. मग... ती येते."

"कोण?"

"मागे वळून बघायचा धीर होत नाही..."

बाईंनी स्वयंपाकघरात जाऊन पावडरच्या डब्याचं विचारलं. सासूबाई फणकारल्या. आईला दूध असताना डबा कशाला, सूनबाई दिवसातून आठ वेळा दार लावून पाजते की!

बाईंनी मग आपली नेहमीची पद्धत काढली. पाजण्याआधी आणि पाजल्यावर, त्याच कपड्यांत बाळाचं वजन करायचं. जेवढा फरक, तेवढं दूध पोटात गेलं. त्यांनी रडणारं बाळ तोललं, रिकाम्या खुर्चीशेजारच्या पाळण्यात ठेवलं, आईला खोलीबाहेर आणलं आणि दार ओढून त्यालाच पाठ लावून बसल्या.

रडणं एकाएकी थांबलं. आत खुर्ची करकरली. दाराच्या फटीतून कोमट दुधाचा वास आला आणि मग घुटके ऐकू येऊ लागले, सावकाश, तृप्त. सासूबाईंच्या हातातला कप तसाच राहिला. आत जायला दुसरं दार नव्हतं.

वीस मिनिटांनी सगळं शांत झालं. आत बाळ एकटंच होतं, ओठांच्या कोपऱ्यात दूध. बाईंनी पुन्हा तोललं, वजन नव्वद ग्रॅम वाढलं होतं.

बाईंना भीती वाटली, आणि त्याहून जास्त लाज वाटली. आईला खोलीत आणून त्या तिच्यापाशी जमिनीवर बसल्या. हा आजार आहे, बाळंतपणानंतर पुष्कळजणींना होतो, औषधानं बरा होतो, आजच डॉक्टरांकडे जाऊ, हे सगळं त्यांनी तिला पहिल्यांदाच सांगितलं.

"मी बरी झाले तर तो माझा होईल?"

"तुझाच आहे गं. घे त्याला."

तिनं बाळ उचललं, छातीशी धरलं. त्यानं जरा चाचपडून तोंड लावलं. ती हमसून रडायला लागली, आणि सासूबाईंनीही डोळ्यांना पदर लावला.

बाईंना मात्र बाळाचा मोकळा हात दिसत होता. मूठ कुणाचं तरी बोट धरल्यासारखी हवेत मिटलेली होती, आणि तो हात हळूहळू, आईपासून दूर, खुर्चीकडे ओढला जात होता.