आडनावाचा रकाना

वेनिंग अंगणातूनच रडत आली. इबू सेकारवांगींनी तिला आधी चहा दिला, मग दम.

"डोळे पूस. रडणाऱ्या माणसाला लोक लगेच गुन्हेगार ठरवतात."

इबू म्हणजे आई; जावा बेटावरच्या लासेम गावातल्या अवघड भानगडी अखेरीस या इबूंच्याच ओसरीवर येत. त्यांचे सोबती पोनिमान, वडीलधाऱ्यांना म्हणतात तसे 'पाक' पोनिमान, पोलिसातून निवृत्त झाले होते. रडणाऱ्या मुलीपुढे काय करावे हे त्यांना नोकरीतही कधी उमगले नव्हते. त्यांनी टेंपेचा, सोयाबीनच्या तळलेल्या वडीचा, तुकडा तोंडात टाकला आणि छताकडे पाहिले.

वेनिंग बाटिक रंगवणाऱ्या बायकांच्या मंडळाची ईमेल-यादी सांभाळत असे. वेबसाइटवर फॉर्म भरायचा, खात्रीचे पत्र येई, त्यातले बटण दाबले की माणूस यादीत. नव्या कापडाची खबर त्याच यादीवर जाई आणि बायकांची बहुतेक विक्री त्यावरच चाले. आता ती पत्रे पोचवणाऱ्या कंपनीने ताकीद दिली होती: 'आम्ही नाव दिलेच नाही' अशा तक्रारींचा पाऊस पडला आहे, खुलासा न आल्यास खाते बंद.

"अध्यक्ष म्हणतात, मी पत्ते विकत आणून भरले. संध्याकाळच्या बैठकीत कबुली लिहायची आणि काम सोडायचं."

"भरलेस?"

"नाही, इबू. आईची शपथ."

"त्या फॉर्मने माझाही जीव खाल्लाय," पोनिमान उसळले. "मला म्हणे आडनाव लिहा! आमच्या बापजाद्यांना कधी आडनाव होतं? रकाना रिकामा ठेवला तर तांबडा होतो, पुढे सोडत नाही. शेवटी लिहिलं पोनिमान पोनिमान. आता दर पत्रात 'प्रिय पोनिमान पोनिमान', बहिऱ्याला हाका मारल्यासारखं! आणि लेकीच्या पत्त्यावरही तेच पत्र येतं, तिथे मात्र नुसतं 'प्रिय पोनिमान'. ती डाफरते, बाबा, माझा पत्ता कुठे वाटत फिरता?"

"गावातल्या सगळ्या म्हाताऱ्या असंच दोनदा लिहितात, पाक," वेनिंग रडता रडता हसली.

इबूंनी कप खाली ठेवला. "चला."

फॉर्म बनवला होता तोगार हुताबारातने. तो सुमात्रा बेटावरचा, बटक जमातीचा. बाजारात त्याचे संगणकाचे दुकान होते.

"आडनाव सक्तीचं का केलंस?"

"चुकलंच, इबू. आमच्याकडे आडनाव नाही तो माणूस बेवारशी."

"म्हणजे आम्ही सारे बेवारशी?"

"छे छे! वेनिंगने कितीदा सांगितलं, बदलायचं राहून गेलं. पहिल्या दिवसापासून तसंच आहे."

"फॉर्म टाळून नाव घालता येतं?"

"मागच्या दाराने. पासवर्ड असला की अख्खी यादी एकदम ओतता येते. तिथे ना आडनावाची सक्ती, ना खात्रीचं पत्र. पासवर्ड माझ्याकडे, वेनिंगकडे आणि अध्यक्षांकडे. त्यांच्याकडे आपला मानापुरता."

अध्यक्षांच्या दारावरच्या पितळी पाटीवर एकच शब्द होता: मार्तोयो. आत, मुलाच्या लग्नाच्या भल्यामोठ्या फोटोखाली ते बसले होते.

"या, पोनिमान! लग्नात मटणाचं गुलाई दोनदा घेतलंत, विसरलो नाही हं."

"तीनदा. लेक मोजत होती. आमचं येण्याचं उत्तरही तिनेच धाडलं, माझ्या नावाने. ते ईमेलचं आमंत्रण मला कुठलं जमायला!"

इबूंनी थेट विचारले, "पाक, तो फॉर्म अवघड आहे का?"

"अहो, पोरखेळ! मी स्वतः भरला. मार्तोयो लिहिलं, बटण दाबलं, झालं. म्हणून तर जिल्ह्यात आमची यादी सर्वांत मोठी, आणि सरकारी प्रदर्शनात आम्हाला दर्शनी जागा. पण त्या पोरीने हाव केली. मला यंत्रातलं कळत नाही. पासवर्ड कुठल्या कपाटात आहे, देव जाणे."

बाहेर पडताच पोनिमान पुटपुटले, "बिचारे भोळे आहेत." इबूंनी त्यांच्याकडे नुसती एक नजर टाकली.

संध्याकाळी बायका चटयांवर बसल्या होत्या. वेनिंगपुढे कोरा कागद होता. इबूंनी तो उचलला, अध्यक्षांपुढे संगणक सरकवला.

"सकाळी जसा भरल्याचं सांगितलंत, तसा फॉर्म भरा."

मार्तोयोंनी नाव लिहिले, बटण दाबले. रकाना तांबडा झाला. पुन्हा दाबले. पुन्हा तांबडा.

"दोनदा लिहा, पाक!" मागून एक म्हातारी ओरडली, आणि चटया हास्याने हलल्या.

इबू हसल्या नाहीत. "ज्या एकनावी माणसाने हा फॉर्म भरला, तो या रकान्याला अडखळलाच. तोगार आणि वेनिंग दोघांनाही ते ठाऊक; खोटी नावं ओतताना त्यांनी तो रिकामा सोडला नसता. 'पोरखेळ' तोच म्हणेल, ज्याने फॉर्म कधी पाहिलाच नाही. तरीही वेनिंगने दाखवलेल्या यादीत तुमचं नाव आहे, आडनावाचा रकाना रिकामा. वेनिंग, तक्रार करणाऱ्यांतल्या एकनावी माणसांचे रकाने कसे आहेत?"

"सगळ्यांचे रकाने रिकामे, इबू."

"म्हणजे मागच्या दाराने आलेली. आता, पोनिमान, लेकीच्या पत्त्यावरून तुमच्या नावाने उत्तर कोणाला गेलं?"

 पोनिमानांना गुलाईची चव आठवली आणि तीच आता कडू झाली. "एकदाच. यांच्या मुलाच्या लग्नाला."

"लग्नाच्या पाहुण्यांच्या यादीत तुम्ही एकनावी, आणि तीच यादी इथे ओतली गेली. फॉर्ममध्ये दुनावी. म्हणून दोन पत्रं."

मार्तोयो घाम पुसत म्हणाले, "प्रदर्शनासाठी यादी मोठी हवी होती. मंडळाच्याच भल्यासाठी ना! आणि एक पत्र आलं म्हणून कोणाचं काय बिघडलं?"

इबू उभ्या राहिल्या. "काय बिघडलं? माणसं तुमच्या मुलाला आशीर्वाद द्यायला आली. त्यांनी दारात विश्वासाने पत्ता ठेवला, आणि तुम्ही न विचारता त्यांची खोगीरभरती केलीत! वर या पोरीच्या हातून कबुली लिहून घेत होतात? मुलाच्या लग्नाच्या फोटोखाली बसून? लाज वाटायला हवी!"

कोरा कागद त्यांनी मार्तोयोंपुढे ठेवला. "कबुली तुम्ही लिहा. कंपनीला, आणि प्रत्येक पाहुण्याला. स्वतःच्या नावाने."

मार्तोयोंनी लेखणी उचलली.

तोगार मान खाली घालून सक्ती काढू लागला. वेनिंग ओतलेली नावे एकेक पुसत गेली आणि शेवटच्या पत्त्यावर थबकली.

"हा तुमच्या लेकीचा, पाक. राहू दे का? कापड आवडतं तिला."

हो म्हणायला पोनिमानांनी तोंड उघडले, मिटले, आणि प्रथमच इबूंकडे न पाहता उत्तर दिले.

"पूस. हवं असेल तर ती स्वतः भरेल."